तुम्ही विचारलंत म्हणून: बोअरलॉगमधली रेघ

"मॉडेल रिकाम्या जागा भरून देतं, मग नव्या बोअरचा खर्च कशाला?" कॉन्ट्रॅक्टर विचारतात, साइटवरची नवी मुलं विचारतात. एकदा नीट सांगते. बोअर म्हणजे माती तपासायला जमिनीत घेतलेलं भोक, बोअरलॉग म्हणजे त्याची खोलीनुसार नोंद.

मॉडेलवर माझा राग नाही, ते मीच बांधलंय. रँडम फॉरेस्ट आहे, म्हणजे अनेक छोट्या निर्णय-झाडांचा मिळून एक अंदाज. खोली, ओलावा, लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहायला लागते), एसपीटी या हॅमरच्या टेस्टची एन व्हॅल्यू, म्हणजे ठोक्यांचा आकडा, दिली की मातीची शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे घसरायला विरोध करायची ताकद, सांगतं. जो आकडा नसेल तो शेजारच्या बोअरवरून भरून घेतं.

काम पनवेल खाडीलगतचं होतं. रिपोर्ट जाऊन दीड महिना झाला होता. दोन मीटर भरावाला कडेने भेगा पडल्या, म्हणून मला बोलावलं. भेगांच्या बाजूलाच पुन्हा बोअर घ्यायला लावला. ड्रिलरकाकांनी 63.5 किलोचा हॅमर रॉडवर नुसता टेकवला. तो 75 सेंटिमीटरवरून पाडायचा आणि ठोके मोजायचे, हीच एसपीटी. पण पाडायच्या आधीच रॉड सरसर 45 सेंटिमीटर खाली गेला. काकांनी ओल्या बोटांनी वहीत एक रेघ ओढली.

"काका, आकडा?"

"ताई, ठोकाच मारला नाही, तर मोजू काय?"

जुन्या बोअरमधली अशीच रेघ मी दोन महिने एक्सेलमध्ये बघत होते. माझ्या प्रोग्रामने तिला 'माहिती नाही' धरलं आणि शेजारच्या बोअरवरून तिथे 7 भरले. खाली बेसॉल्ट लागून सॅम्पलर (रॉडच्या टोकाची, मातीचा नमुना घेणारी नळी) आत जाईनासा झाला, तिथेही काकांनी रेघच ओढलेली. सगळ्यात मऊ गाळ आणि सगळ्यात कठीण खडक, दोघांची खूण एकच.

त्या दिवशी मी काकांवर चिडले. शून्य लिहायला काय झालं होतं? हे मला अजूनही थोडं वाटतं. पण रेघ का आहे, हे विचारणं माझं काम होतं, आणि मी विचारलं नाही.

तपासणी केली नव्हती का, असंही विचारतात. केली होती. असलेले आकडे झाकून मॉडेलला ओळखायला लावले, फरक थोडाच आला. पण झाकायला आकडा आधी असावा लागतो. जिथे माती उभीच राहत नव्हती, तिथे तो नव्हताच.

आता मी 'रिकामं का?' असा वेगळा रकाना ठेवते: रॉड आपोआप गेला, खडक लागला, नमुन्याची ट्यूब रिकामी आली, की पैशांसाठी टेस्टच टाळली. खाडीच्या गाळात वेन शिअर टेस्ट, म्हणजे मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजणं, मागतेच.

तेव्हाची मी म्हणायचे, काहीच नसण्यापेक्षा अंदाज बरा. तिला अजून पुरतं खोडून काढता येत नाही. कुणाचं बजेट तीनच बोअरचं असतं, आणि त्यांनाही मी मॉडेलचाच आकडा देते. देताना हात अडखळतो, तरी देते.

गेल्या आठवड्यात एक फाइल आलीय. सात बोअर, एकवीस रेघा, कारणाचा रकाना कोरा. ड्रिलरचा नंबर मागितलाय.