एकटीसाठी रकाना नव्हता: रतनगड ते हरिश्चंद्रगड, माझा अनुभव

रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि शेवटी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, अशी तीन मुक्कामांची वाट मी गेल्या डिसेंबरात तंबू पाठीवर घेऊन एकटीने पूर्ण केली. चालण्याचा त्रास मला फारसा झाला नाही. त्रास झाला तो पहिल्या सकाळी, पहिले पाऊल टाकण्याआधी.

हा सगळा मुलूख १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे, त्यामुळे नोंद करून आणि शुल्क भरूनच आत जावे लागते, आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. मी साडेआठ वाजता नोंदणीच्या ठिकाणी पोहोचले. ते ठिकाण कोणते, हे इथे लिहीत नाही. तिथल्या अर्जावर ‘गटप्रमुखाचे नाव’ आणि ‘इतर सदस्यांची नावे’ असे दोन रकाने होते. पहिल्यात मी माझे नाव लिहिले आणि दुसरा कोरा ठेवला. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने अर्ज परत केला आणि सांगितले, “ताई, दुसरं नाव लिहा. एकटीचा अर्ज घेता येत नाही.” असा नियम कुठे लिहिला आहे, हे मी विचारले, तेव्हा मोठे साहेब आल्यावर बोला, एवढेच उत्तर मिळाले, साहेब फिरतीवर होते आणि कधी येतील, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी बाहेरच्या बाकावर बसले. माझ्यानंतर आलेले तीन गट दहा-दहा मिनिटांत नोंद करून निघून गेले. त्यांपैकी एका गटाजवळ विजेरीसुद्धा नव्हती, आणि रात्री कुठे थांबणार, हे त्यांना कोणी विचारलेही नाही. याचा राग मला अजून येतो. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सुचवले की, कोणाचेही नाव लिहून टाका, आत कोण मोजायला येते! मी तसे केले नाही, आणि तुम्हीही करू नये, कारण जंगलात काही बरेवाईट झाले, तर शोधणारी माणसे त्या अस्तित्वातच नसलेल्या दुसऱ्या माणसालाही शोधत राहतील.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रतनवाडीहून रतनगडाच्या कड्यावरच्या शिड्यांपर्यंत मला तीन तास तरी लागणार होते, म्हणून बारा वाजल्यानंतर प्रत्येक मिनिट मला जड जाऊ लागले. सव्वा वाजता साहेब आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “रात्री कुठे असाल?” निघण्यापूर्वी भावासाठी मी एक कागद तयार केला होता आणि त्याची एक प्रत माझ्याजवळ होती: तिन्ही मुक्काम, रोजची निघण्याची आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ, पाण्याच्या जागा, तंबूचा रंग, रक्तगट, घरचे दोन फोन क्रमांक. त्यांनी तो शांतपणे वाचला, अर्जाला टाचला, ‘एकूण सदस्य’ यापुढे एकचा आकडा घातला आणि सही केली. या सगळ्याला चार मिनिटेही लागली नाहीत. तो कागद मी सकाळीच खिडकीत का दिला नाही, याची चुटपुट मला लागून राहिली आहे. तुम्ही मात्र तो अर्जाबरोबरच द्या आणि पाचनईत उतरल्यावर फोन करीन, हे त्यावर लिहून ठेवा.

शिड्यांपाशी मी पाचच्या आधी पोहोचले. तिथे माकडे फार आहेत, म्हणून खाण्याची पिशवी हातात ठेवू नये. रात्र गडावरच्या गुहेत काढली. टाक्यातले पाणी उकळूनच प्यावे. दुसऱ्या दिवशी शिड्या उतरून आल्यावर रतनवाडीची वाट न धरता कात्राबाईकडे जाणारी वाट धरायची असते. तो फाटा आदल्या दिवशी वर जातानाच नीट पाहून ठेवावा, कारण उलट्या दिशेने येताना तो वेगळाच दिसतो. खिंडीतून समोर आजोबाचा डोंगर आणि दूरवर हरिश्चंद्रगड दिसला, तेव्हा बाकावरची ती सकाळ थोडा वेळ तरी मनातून गेली. कुमशेतला एका घराच्या अंगणात, आधी विचारून, तंबू लावला. त्या घरातल्या आजींनी नाचणीची भाकरी आणि पिठले वाढले आणि पैसे घ्यायला बराच वेळ नकार दिला. सुट्टे पैसे जवळ ठेवा. तिसऱ्या दिवसाबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही, फक्त हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतले पाणी कमरेइतके आणि अतिशय गार होते.

चौथ्या दिवशी पाचनईत उतरून, रेंज मिळताच मी ठरल्याप्रमाणे फोन केला. तो खिडकीतल्या त्याच कर्मचाऱ्याने उचलला. त्याने माझे नाव लगेच ओळखले, उतरल्याची वेळ विचारली आणि नोंदवहीत परतीसाठी रकाना नसल्यामुळे ती समासात लिहून घेतो, असे सांगितले.