बिस्किटची सुट्टी

माझ्या लेकाला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू आखडलेले, आणि घोड्यावर बसणं हा त्याच्या थेरपीचा भाग. शनिवारी भर पावसात चाळीस मिनिटं गाडी हाणत त्याला घेऊन तबेल्यावर पोचले तर तिथल्या बाई म्हणतात, आज बिस्किटचा मूड नाहीये, राईड नाही. बिस्किट म्हणजे घोडा. खोगीर चढवताना त्याने दोनदा कान मागे पाडले, बास, एवढ्यावर सुट्टी! दुसरा घोडा द्या म्हटलं तर तो रुंद आहे, मांड्या जास्त फाकल्या की लेकाचे स्नायू अजून आखडतात.

मी जाम चिडले. सात महिने वेटिंग लिस्ट, फिजिओचं पत्र, डॉक्टरची सही, व्हीलचेअरसकट वजन, आणि रजा कोणाला तर घोड्याला. आपल्याकडे वरातीची घोडी बँड आणि फटाक्यांत तास-तास उभी असते, तिला कोण विचारतं? लगेच 'परदेशात गेली आणि नावं ठेवायला लागली' म्हणू नका, माझाही नवरा कर्वे रोडवरून घोडीवरच आला होता, आणि मी गॅलरीतून हसत बघत होते.

घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी हलते आणि थोडी वळतेही, जवळपास आपल्या कमरेसारखीच. जो पोरगा कधी चाललाच नाही त्याच्या कमरेला चालणं तिथे कळतं. मी बाजूने चालते, हात त्याच्या मांडीवर, आणि पाचेक मिनिटांत ती मांडी सैल पडते ते मला हातालाच समजतं.

आईचा कोथरूडहून फोन, "घोड्यावर बसून कुठे पाय बरे होतात का गं?" नाही होत, सीपी बरी होत नाही. मग तिला डेन्मार्कच्या लिस हार्टेलचं सांगितलं, 1944 ला पोलिओ, गुडघ्याखाली पाय लुळे, घोड्यावर चढवायला माणूस लागायचा, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला इशाऱ्यांवर डौलात चालवण्याच्या स्पर्धेचं, रौप्य. आई म्हणाली, "मग कौतुक बाईचं की घोड्याचं?"

खरं सांगायचं तर डेक्कनची आमची फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी यायची, इथली सहा आठवड्यांनी दिसते. पण दर दिवाळीत 'परत कधी येताय' विचारलं की मी बिस्किटला पुढे करते.

त्या दिवशी राईड नाही म्हणून लेकाच्या हातात खराऱ्याचा ब्रश बांधून दिला. बिस्किट आपणहून खुर्चीला खेटून उभा राहिला. लेकाने वीस मिनिटं खरारा केला, हात पोचेल तेवढ्याच जागी. तेवढा ताटाएवढा गोल चकचकीत, बाकी सगळा घोडा चिखलाने माखलेला.