आत्यानं वग पाहिला

तिकीट खिडकीतल्या पोरानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागं धाबळ पांघरून उभ्या असलेल्या आत्याकडं, आणि विचारलं, "संगं माणूस कोण हाय?"

"आम्ही दोघी माणसंच हाव," आत्या म्हणाली. "दोन तिकिटं दे."

शंभर-शंभराची दोन तिकिटं हातात पडली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तारीख २४ डिसेंबर २०२२, शनिवार. कोरोनामुळं खंड पडलेली नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा दोन वर्षांनी पुन्हा भरली होती. आणि बहात्तर वर्षांची माझी आत्या आयुष्यात पहिल्यांदा तमाशाच्या कनातीच्या आत पाऊल टाकणार होती.

माळेगाव तिला नवं नव्हतं. तिचं सासर अहमदपूर तालुक्यातलं. लग्न झाल्यापासून दर मार्गशीर्षात बैलगाडी जुंपून सगळं घर यात्रेला यायचं. दिवसा देवदर्शन, बाजार, घिसाड्याकडून विळा-खुरपं. रात्री जेवणं झाली की बाप्ये तमाशाला जायचे आणि बायका-पोरं गाडीखाली कडबा अंथरून निजायची. लहानपणी दोन साल मीही त्या कडब्यावर तिच्या कुशीत निजले आहे. थंडी अशी की नाक गोधडीबाहेर काढवत नसे. आणि अंधारातून, शेकडो गाड्यांच्या आणि बैलांच्या पलीकडून ढोलकी ऐकू यायची. वाऱ्याची झुळूक आली की जवळ, नाहीतर लांब. मध्येच हजार माणसांचं हसू फुटायचं. मी विचारायची, "आत्या, काय झालं?" ती म्हणायची, "मावशी आली आसंल." गवळणीतली मावशी म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष, हे मला फार उशिरा कळलं. आत्याला ते कळलं होतं, पण तिनंही पाहिलेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मामा, म्हणजे तिचे यजमान, गाडी हाकत रात्रीच्या वगाची, म्हणजे तमाशाच्या शेवटी होणाऱ्या नाटकाची, गोष्ट सांगायचे. बहुतेक वेळा हरिश्चंद्र-तारामती. स्वप्नातलं दान, राज्य सोडणं, काशीच्या बाजारात राजानं राणीला आणि लेकराला विकणं, इथपर्यंत रंगवून सांगायचे. मग थांबायचे. मसणवाट्याचा भाग लेकराबाळांपुढं, तोही रस्त्यानं सांगू नये म्हणायचे. गोष्ट आत्याला ठाऊक होतीच, कीर्तनात शंभर वेळा ऐकलेली. "पण तारामतीचं रडणं मी गाडीखालून ऐकलंय ना," ती मला एकदा म्हणाली होती, "ती रडती कशी ते बघायचं ऱ्हायलंय." हे ती चाळीस वर्षं म्हणत होती. मामा म्हणायचे, पुढच्या सालाला नेतो. एप्रिल २०२१ मध्ये मामा गेले.

म्हणून मी तिला घेऊन आले. बाकी प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. लातूरहून निघालो, चाकूर आणि अहमदपूर ओलांडेपर्यंत रस्ता चांगला होता. माळेगाव ऐन नांदेड-लातूर रस्त्यावर असल्यामुळं पुढं ट्रक, टेम्पो आणि जीपा एकमेकांत अडकून पडलेल्या. देवस्वारीची पालखी गुरुवारीच निघून गेली होती. शाळेमुळं मला सुट्टी मिळाली नाही. सायंकाळी देवळात गेलो, बेल-भंडारा वाहिला, "यळकोट यळकोट जय मल्हार" म्हणताना आत्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. घोड्यांच्या बाजारात तासभर फिरलो. पांढरेशुभ्र घोडे, गळ्यात घुंगुरमाळा, एकेकाची किंमत ऐकून आत्यानं कपाळाला हात लावला.

एक तक्रार मात्र लिहिलीच पाहिजे. दक्षिण भारतातली मोठी यात्रा म्हणून हिचं नाव सगळीकडं घेतलं जातं. तरी गाडी लावली तिथून यात्रेपर्यंत दोनेक किलोमीटर अंधारातून, ढेकळांतून चालावं लागलं आणि वाटेत एकही दिवा नव्हता. बायकांच्या स्वच्छतागृहाचं तर विचारूच नका. तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी "तिकडं जा" म्हणून बोट दाखवलं, आणि तिकडं नुसतं तुरीचं वावर होतं. बायका इतकी वर्षं गाडीतळाच्या पुढं का गेल्या नाहीत, याचं अर्धं कारण रीतीचं असेल. उरलेलं अर्धं त्या तुरीत आहे. मी मैत्रिणींना सांगेन की यात्रेला जाच, पण दुपारनंतर पाणी पिऊ नका. असं सांगावं लागतं याचा मला राग येतो.

तमाशाच्या वाटेवर आकाशपाळणे फिरत होते. मौत का कुआँच्या फळ्या थरथरत होत्या आणि आतून मोटारसायकलीचा आवाज घुमत होता. एका पाळणेवाल्याशी बोलले. त्याचा पाळणा दोन वर्षं गावाकडं शेतात सुटा पडून होता. उन्हा-पावसानं बेअरिंगं गंजली, रंग उडाला, आणि व्याजानं पैसे काढून हा नवा रंग दिला म्हणाला. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले तेव्हा त्या सालच्या पुष्कळ जत्रा होऊन गेल्या होत्या. त्यामुळं त्याच्या दृष्टीनं हंगाम खरा आत्ता सुरू होत होता.

तमाशाचंही तेच. दसऱ्याला फड बाहेर पडतात, पाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात त्यांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी तिथं येऊन जत्रेची सुपारी देतात. आठ महिन्यांच्या कमाईवर पावसाळा काढायचा. सलग दोन हंगाम गेले म्हणजे काय झालं असेल, याचा हिशेब कुणीही करावा. त्याच काळात, मे २०२१ मध्ये, तमाशातल्या नामवंत कलावंत कांताबाई सातारकरही कोरोनानं गेल्या. मामांनी त्यांचा तमाशा पाहिला होता आणि त्यांचं नाव ते घरच्या माणसासारखं घ्यायचे.

कनातीच्या आत पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या. हजारभर प्रेक्षक असावेत. मला मोजून सात बायका दिसल्या, आमच्यासकट. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून आत्याला आपली कडेची खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. "बसा आक्का, इथनं बोर्ड सरळ दिसतो." बोर्ड म्हणजे तमाशाचा रंगमंच. गर्दीत माझा जीव धाकधुक करत होता, तो त्या एका वाक्यानं जागेवर आला.

मग दिवे मंद झाले आणि ढोलकीवर थाप पडली.

ती थाप मी विसरणार नाही. लांबून ऐकलेली ढोलकी आणि पंधरा हातांवरची ढोलकी यांत जे अंतर आहे ते मला सांगता येत नाही. ती कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरते. हलगीनं तिला उत्तर दिलं, तुणतुणं आणि झांज मिळाली, गण सुरू झाला. गणपतीचं नाव आलं तशी आत्यानं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. नंतर गवळण आली, पेंद्या आला, आणि एकदाची ती मावशी आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, मिशीची निळसर झाक. आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. "ही व्हय मावशी!" ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "ही व्हय!"

त्यानंतरच्या तासाभरानं मात्र माझं मन खट्टू झालं. रंगबाजी सुरू झाली आणि एकामागून एक सिनेमाची गाणी. समोरची पोरं मोबाइल उंचावून शिट्ट्या मारत होती, "वन्स मोअर"चा गजर करत होती. नाचणाऱ्या मुली चांगल्या नाचत होत्या, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोन वर्षं घरी बसलेल्या पोटानं मागणी तसा पुरवठा केला तर त्यांना कोण नावं ठेवणार? पण दर गाण्यामागं आत्या विचारायची, "आता वग का?" आणि मी म्हणायची, "आता लागेल." साडेअकरा वाजत आले. माइकवरून सांगितलं गेलं की कार्यक्रम बाराला बंद करावा लागेल.

लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बाराची सूट देता येते. शिक्षिका म्हणून मला तो नियम पटतो. परीक्षेच्या दिवसांत पोरांना झोप हवी, आजाऱ्याला शांतता हवी. पण पहाटेपर्यंत चालणारा खेळ बारात बसवायचा झाला की कात्री नेहमी वगावरच चालते, गाण्यांवर नाही. ज्याच्यासाठी गाड्या जुंपून पंचवीस कोस यायचे, तेच पहिल्यांदा कापलं जातं. मला याचं वाईट वाटतं आणि यावर तोडगा निघावा असं फार वाटतं. खेळ सातला सुरू केला तरी पुष्कळ होईल.

पावणेबाराला सरदार, म्हणजे फडाचा म्होरक्या, पुढं आला. पूर्ण वग होणार नाही, म्हणाला, शेवटचा प्रवेश तेवढा सादर करतो. पुढची चार-पाचशे पोरं उठून चालू लागली. खुर्च्या सरकल्या, धूळ उडाली. उरलेल्यांनी पुढं सरकून जागा भरली, तेव्हा आम्ही अगदी बोर्डापाशी आलो.

शेवटचा प्रवेश म्हणजे मसणवाटा. मामांनी कधीच न सांगितलेला.

पडद्यावर काळोख आणि एकच निळा दिवा. डोंबाघरी राबणारा हरिश्चंद्र हातात काठी घेऊन उभा. तारामती सर्पदंशानं मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते. रोहिदासाच्या जागी फडातलंच कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर होतं. त्याचा हात खाली लोंबत होता आणि तो जराही हलू देत नव्हता. राजा आधी ओळखत नाही. तो कर मागतो. कर दिल्याशिवाय इथं प्रेत जाळता येत नाही. तिच्याजवळ काही नाही. मग ती रडते.

तो आवाज मी ओळखला. कडब्यावर निजून ऐकलेला, वाऱ्यावर तुटत येणारा तोच सूर. बाई निराळी, साल निराळं, पण रडण्याची चाल तीच. कुणीतरी कुणाकडून तरी उचलून जशीच्या तशी पुढं आणलेली.

मी आत्याकडं पाहिलं. ती रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बोर्डाकडं एकटक बघत होती, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "हिनं तोंड तर बघितलं गं."

मामांना दवाखान्यात नेलं ते चौथ्या दिवशी फोनच आला. अंगभर प्लास्टिकचे कपडे घातलेल्या माणसांनी त्यांना अग्नी दिला. घरच्या दोघांना लांब उभं राहू दिलं होतं. त्यांत आत्या नव्हती. पिशवीची चेन उघडून तोंड दाखवा म्हणून माझ्या आत्येभावानं हात जोडले, पण कुणाच्या हातात काही नव्हतं. दीड वर्षात आत्या त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण नजरही बोर्डावरून हलवली नाही.

बारा वाजत आले तसे देव प्रकट झाले, घाईघाईनं रोहिदास उठून बसला, मुजरा झाला आणि माइक बंद.

लोक पांगले तरी आत्या उठेना. "मला त्या बाईला भेटायचंय," म्हणाली. कनातीच्या मागं गेलो. तिथं ट्रकच्या आडोशाला तीन दगडांची चूल पेटली होती, बोर्डाच्या फळ्या उतरवायला सुरुवात झाली होती, आणि ढोलकीवाला आपली ढोलकी लहान लेकराला गुंडाळावं तशी गोधडीत गुंडाळत होता. तारामती चुलीपाशी बसून तोंडावरचा रंग तेलानं पुसत होती. पन्नाशीची असावी. रोहिदास तिच्या मांडीवर डोकं ठेवून खरोखरच झोपला होता.

"नातू हाय," ती म्हणाली. "बसा आई."

आत्या बसली. "मला वाटलेलं तू म्हातारी आसशील. लै वर्षं ऐकलंय तुला."

"माझ्या सासूला ऐकलं आसंल. तिचंच हाय ते रडणं. मी तिच्याकडूनच उचललं." तिनं चुलीत लाकूड सारलं. कोरोनात काय केलं, असं मी विचारलं. दोन वर्षं खुरपायला गेले, म्हणाली, ऊसही तोडला. पेटीतल्या सात नऊवाऱ्या विकल्या. ही एक ठेवली, तारामतीची, कारण फाटकी म्हणून कुणी घेईना.

आत्यानं पिशवीतून उरलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तारामतीनं एक धपाटं मोडून निम्मं रोहिदासासाठी बाजूला ठेवलं आणि निम्मं खाल्लं. पहाटेपर्यंत सामान भरून पुढच्या गावाला निघायचं होतं. कुणीतरी ट्रकवरून तिला हाक मारली.

उठताना आत्यानं गाठीतला देवळातला भंडारा चिमूटभर काढून तिच्या कपाळाला लावला, मग झोपलेल्या पोराच्याही. म्हणाली, "पुढच्या साली वग लवकर सुरू कर. मी काशीच्या बाजारापासनं बघणार हाय."

"मग तुम्ही चार बाया जास्त आणा आई," तारामती म्हणाली. "पुढं बाया बसल्या की पोरं दमानं घेतेत."

आत्या तिथंच बोटांवर नावं मोजू लागली. सासरच्या दोघी जावा, शेजारीण, माझी आई. अंधारातून गाडीपर्यंत पोचेतो अकरा नावं झाली होती.