सहा एमएमची सळई: आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर आजही ‘रोलिंग शटर, ग्रिल, पत्र्याचे शेड’ एवढंच लिहिलंय. गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त पैसा उंदरांमुळं येतो, पण पाटीवर त्यांचं नाव नाही. मी एकदा विषय काढला होता. आई म्हणाली, “गणपतीच्या वाहनावर पोट भरतोस ते भर, वर त्याची पाटी कशाला लावतोस?” पाटी राहिली तशीच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात अक्कलकोट रोडला एका यंत्रमाग कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते. पाळ्या कमी व्हायला लागल्या तसं त्यांनी भाड्याच्या गाळ्यात एक वेल्डिंग मशीन टाकलं. आधी खिडक्यांचे ग्रिल, मग शटर, मग शेतकऱ्यांची शेडं. मी आयटीआयला फिटर झालो आणि त्यांच्या हाताखाली आलो. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. अशी वर्कशॉपं सोलापुरात गल्लीगल्लीत आहेत.

वळण मिळालं ते मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या शिव्यांमुळं. त्याला आम्ही ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र ठेवायला शेड बांधून दिलं होतं. तीन बाजूंनी विटांची भिंत, वर लाटांसारखा वळवलेला नालीचा पत्रा, पुढं शटर. शेड देखणं झालं होतं. ज्वारीच्या काढणीला त्यानं मळणी यंत्र बाहेर काढलं तर पट्टा कुरतडलेला, चाळणीवर चिंध्यांचं घरटं आणि त्यात गुलाबी पिल्लं. ट्रॅक्टरच्या वायरिंगची तर दशा झालेली. त्यानं फोनवर अण्णांना सुनावलं, “शेड तुम्ही बांधलंत ना, मग उंदीरबी तुमचेच. घेऊन जावा.”

अण्णा भडकले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दुपारी शटर खाली ओढून आत अंधारात उभे राहिलो, आणि जिथं जिथं उजेड दिसला तिथं तिथं आमची चूक दिसली. भिंतीच्या माथ्यावर पत्रा टेकतो तिथं प्रत्येक नालीखाली एक अर्धगोल भोक. तीस फुटांच्या भिंतीवर अशी भोकं मोजत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. शटरखाली एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, कारण फरशीला उतार होता आणि शटरची खालची पट्टी सरळ. मोटारीची केबल आत घ्यायला आम्हीच छिन्नीनं पाडलेलं भोक तसंच उघडं. उंदीर उंदरांचेच होते, पण दारं सगळी आमची होती.

अण्णांनी गाडीतून सहा एमएमच्या सळईचा एक तुकडा काढला आणि फटीत घालून पाहायला लागले. घरातला लहान उंदीर साधारण सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. डोकं गेलं की बाकीचं अंग मागून ओढून घेतो. मोठ्या उंदराला त्याच्या दुप्पट, बारा एमएमच्या आसपास लागतं. हे आकडे अण्णांना त्या दिवशी माहीत नव्हते, सहा एमएमची सळई हाताला लागली म्हणून घेतली एवढंच. मी पुढं वाचलं तेव्हा आकडा नेमका जुळला. तेव्हापासून आमचं मोजमाप तेच आहे: सळई आत गेली की फट बुजवायची. त्या शेडचं काम आम्ही फुकट करून दिलं. आजवर आमचे जेवढे पैसे बुडाले, त्यातले हेच वसूल झाले, कारण त्याच शेतकऱ्यानं पुढच्या वर्षभरात चार गिऱ्हाइकं पाठवली.

चार कामं मिळाली म्हणून कला आली असं नाही. पहिले दोन हंगाम आम्ही शिकण्यातच घालवले, आणि शिकवणीची फी गिऱ्हाइकांनी कापून घेतली. भोकात स्प्रेचा फोम मारला. दिसायला झकास, फुगून फट गच्च भरते, पण आठवड्यात आरपार बोगदा. शटरखाली रबर लावलं, तेही गेलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळं कुरतडणं त्याला भागच आहे. त्याला फोम दिला काय आणि पाव दिला काय. आता आम्ही नालीखाली सिमेंट-वाळूचा माल भरतो आणि भरण्याआधी आत तारेची घासणी कोंबतो, स्टेनलेसची. साधी लोखंडी असली तर पावसाळ्यात गंजून भुकटी होते. खिडकीला आणि हवेच्या झरोक्याला सहा एमएमचीच वेल्ड मेश. कोंबडीची जाळी लावणारे अजून भेटतात. तिच्या भोकातून उंदीर न वाकता जातो.

शटरचं दुखणं शटरवाल्यालाच कळतं. सगळे खाली बघतात. खालची फट आम्ही पत्र्याच्या पट्टीनं आणि ब्रशनं बंद करतोच, पण उंदीर शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या गाइड चॅनेलमधून सरळ वर चढतो आणि वर शटर गुंडाळलं जातं त्या ड्रमच्या डब्यात शिरतो. डबा आतल्या बाजूनं उघडा असेल तर तो तुमच्या गोदामात उतरला. इतकी वर्षं आम्ही डबे उघडे ठेवून शटर बसवत होतो आणि कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र वेगळी होती. एका टॉवेलच्या गोदामाचं काम घेतलं. तोवर हात बसला होता, मिजासही आली होती. दोन दिवसांत चारी बाजूंनी असं बंद केलं की मुंगीला वाट सापडू नये. बिल दिलं, घरी आलो. आठ दिवसांनी मालकांचा फोन. आत राहिलेले उंदीर आतच अडकले होते. बाहेर जाऊन खायची सोय नाही, म्हणून त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे फाडले होते, आणि काही कुठं तरी मरून वास सुटला होता. निर्यातीचा माल. मालक शांतपणे म्हणाले, “तुम्ही उंदरांना बाहेर नाही ठेवलं, माझ्याकडं कोंडून गेलात.” त्या नुकसानीचा आमचा वाटा फेडायला दीड वर्ष लागलं. आकडा सांगत नाही, अण्णा वाचतील.

तेव्हापासून काम उलट्या क्रमानं करतो. आधी पाहणी. संध्याकाळी भिंतीच्या कडेनं पिठाचा पातळ थर भुरभुरायचा, सकाळी पावलं वाचायची. लेंडी काळ्या जिऱ्याएवढी असेल तर लहान उंदीर, शेंगदाण्याकडं झुकली तर मोठा. भिंतीला तेलकट काळा पट्टा दिसला की ती रोजची वाट. मग पिंजरे. लहान उंदीर घरट्यापासून फार लांब फिरत नाही, त्यामुळं गोदामाच्या मधोमध दोन पिंजरे ठेवून काही होत नाही. भिंतीला चिकटून दर सहा-सात फुटांवर एक, तोंड भिंतीच्या कडेच्या वाटेवर. आमिषाला आमच्या पोरांनी पहिल्यांदा शेंगाचटणी लावली होती, सोलापूरचे म्हणून. उंदीर हुंगून निघून गेले. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि चिमूटभर गूळ, यावर आता एकमत आहे. चार रात्री पिंजरे आणि पीठ दोन्ही कोरे राहिले की मगच शेवटचं भोक बुजवायचं.

विष आम्ही ठेवत नाही. विषाची कामं धंदा म्हणून करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तो आमच्याकडं नाही. फारच उपद्रव असेल तर परवानावाल्या माणसाला आधी पाठवतो, तो उरकला की आम्ही. गिऱ्हाईक मात्र बाजारातून स्वतःच झिंक फॉस्फाईड आणून पहिल्याच दिवशी पिठात कालवतं. एखाद्या उंदरानं थोडंसंच खाल्लं, पोटात दुखलं आणि तरी तो जगला, तर तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून जाणकार आधी दोन-तीन दिवस बिनविषाचे दाणे घालून सवय लावतात. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं तसं नाही. त्यानं रक्त गोठणं बंद होतं, उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळं त्याला संशय येत नाही. पण तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि त्याला घुबड किंवा मांजर खातं. आमच्या ओळखीच्या वस्तीवर मांजरच गेलं आणि त्या वर्षी उंदीर दुप्पट झाले. उंदीर खाणारी धामण दिसली की काठी शोधणाऱ्यांना मी अजून समजावतोय. डांबराच्या गोळ्या आणि आवाजाची प्लगवाली यंत्रं यांच्याबद्दल विचाराल तर, चार दिवसांनी उंदीर त्या यंत्रावर बसलेला मी पाहिलाय.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि आम्हीही शटर ओढून बसलो. कारखाने बंद, ट्रक बंद, आणि बंद शेडात माणसाचा पाय नाही. परवानगी मिळून मालक परत आले तेव्हा फोन सुरू झाले. मागावर चढवलेले ताण्याचे उभे धागे तुटलेले, मोटारीच्या पेटीत घरटी, उभ्या टेम्पोंचं वायरिंग गेलेलं. शटरची एकही ऑर्डर नव्हती त्या काळात, आम्ही फटी बुजवून पगार दिले. पंचक्रोशीत तेव्हापासून आमचं नाव ‘फटीवाले’ पडलं. आधी राग यायचा. आता फोन उचलल्यावर मीच म्हणतो.

शेतीच्या अवजारांचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण तिथं नुसतं शेड बंद करून भागत नाही. अवजार वर्षातले कित्येक महिने उभं असतं आणि उंदराला आयतं घर मिळतं. डाळिंब-द्राक्षवाल्यांचे फवारणीचे ब्लोअर घ्या. पंख्याच्या जाळीमागं अंधार, कोरडं, वाऱ्यापासून आडोसा. पेरणी यंत्राच्या पेटीत चार दाणे राहिले तरी बोलावणं गेलंच, म्हणून पेटी झाडून, झाकण उघडं टाकून ठेवायची. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर आणि सीटचा फोम ही लाडकी ठिकाणं. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला केबलसाठी खाली भोक असतं. त्यात ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची फट बंद करणारी कडी, न बसवता केबल नुसती खुपसलेली असते. उंदीर किंवा पाल आत शिरते, दोन फेजना टेकते आणि ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद. ग्लँडची किंमत किरकोळ, पण ती बसवायला सांगितली की लोक आमच्याकडं असं बघतात जणू मी सोन्याची मागितली.

आणि कडबा. यावरून मी जेवढा भांडलोय तेवढा पैशावरून नाही. कडब्याची गंज शेडाच्या भिंतीला टेकवून रचायची ही आपल्याकडची जुनी सवय, वाऱ्यापासून आडोसा मिळतो म्हणून. पण ती गंज म्हणजे उंदरांची चाळ. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर बांधाकडं पळतात, ज्वारी निघाली की पुन्हा एक लोंढा, आणि पहिला मुक्काम गंजीत. तिथून शेडात एका उडीचं अंतर. म्हणून आमच्या बिलावर खाली हातानं लिहिलेलं असतं: गंज भिंतीपासून दहा फूट लांब, नाहीतर तक्रार ऐकणार नाही. एका मामांनी त्या ओळीवर काट मारून बिल परत पाठवलं होतं. “गंज माझी, भिंत माझी, दहा फूट कुणाचे?” त्यांचं काम आम्ही केलं नाही.

एकदा केलं की कायमचं झालं, असं आम्ही कुणाला सांगत नाही. सोलापूरचा उन्हाळा पत्रा तापवून स्क्रू सैल करतो. काळ्या रानात तर जमीनच भेगाळते, जोत्याजवळ हात जाईल एवढी, आणि त्या भेगेतून घूस फरशीखाली पोखरत जाते. तिथं आम्ही जोत्याच्या बाजूनं दोन फूट खोल चर घेऊन जाळी पुरतो, खालचं टोक बाहेरच्या अंगाला वळवून. वर्षातून दोन फेऱ्या ठरलेल्या: एक दिवाळीच्या आधी, एक ज्वारी निघाल्यावर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र कामाला कुणी मिळत नाही, आमची पोरं नंदीध्वजाच्या काठ्यांच्या मिरवणुकीत असतात, आणि मीही.

आता आम्ही सहा जण आहोत. अण्णांची नजर अधू झाली, वेल्डिंग त्यांनी सोडलं. ते सकाळी येऊन कटरवर सहा एमएमच्या सळईचे चार-चार इंचांचे तुकडे पाडतात, टोकं घासून गुळगुळीत करतात, आणि प्रत्येक बिलासोबत गिऱ्हाइकाला एक तुकडा देतात. मला आधी तो म्हातारपणाचा नाद वाटला होता. लोक तो खिळ्याला टांगतात, पोरं खेळायला नेतात, आणि मधूनच कुणी तरी खरंच फटीत घालून बघतं. काल संध्याकाळी वैरागहून एका काकूंचा फोन आला. नाव नाही, नमस्कारही नाही. “सळई गेली बघा, गोठ्याच्या अंगानं.” परवा सकाळी जायचंय.