कावलूर: जिथून युरेनसची कडी आडवी गेली

बंगळूरहून जोलारपेट्टईमार्गे वाणियंबाडी, तिथून आलंगायमची बस आणि मग तामिळनाडूतल्या जावडी डोंगरांतला वळणावळणांचा रस्ता. चंदनासाठी प्रसिद्ध असलेल्या या डोंगरांत, ७२५ मीटर उंचीवर, कावलूरची वेणू बाप्पू वेधशाळा आहे. शनिवारी पाहुण्यांना आत सोडतात.

बहुतेकांना २.३४ मीटरची मोठी दुर्बीण पाहायची असते. मला ओढ होती ती शेजारच्या घुमटातल्या एक मीटरच्या, झाइस कंपनीच्या दुर्बिणीची. १९७२ साली ती इथे बसली आणि लगेचच, त्याच जूनमध्ये, गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला. तारा असा झाकला जाणं, म्हणजे पिधान, इथून टिपलं गेलं. त्यावरून गॅनिमीडला वातावरण असल्याचा अंदाज बांधला गेला. पुढे व्हॉयेजर यानाने तो अंदाज बराच फुगलेला ठरवला, ते सोडा.

खरी गोष्ट १० मार्च १९७७ची. तूळ राशीतल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ताऱ्यासमोरून युरेनस जाणार होता. अशा वेळी फोटो काढत नाहीत. ताऱ्याचा उजेड क्षणाक्षणाला मोजत बसतात. तारा इतका दूर की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, त्यामुळे अडीच अब्ज किलोमीटरांहून लांबच्या वस्तूचीही सावली पृथ्वीवर तिच्याच मापाची पडते. उजेड किती वेळ घटला यावरून तिची रुंदी काढता येते. एकदम न घटता हळूहळू मंदावला, तर वातावरणाची शक्यता.

कावलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी या खगोलशास्त्रज्ञांच्या आलेखात उजेड काही सेकंद खाली गेला. त्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिहिलं: युरेनसचा नवा उपग्रह! त्याच रात्री हिंदी महासागरावर, कायपर या विमानातल्या उडत्या वेधशाळेत, जेम्स इलियट आणि सहकारीही मोजत होते. त्यांना ग्रहाच्या एका बाजूला असे अनेक खड्डे दिसले आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरांवर. उपग्रह असे जोडीने येत नाहीत. ती कडी होती. त्यांतलं सर्वांत बाहेरचं कडं वीस ते शंभर किलोमीटर रुंद, बाकीची त्याहून कितीतरी बारीक.

माझं मत विचाराल तर कावलूरकरांचा अंदाज अजिबात हास्यास्पद नव्हता. एका आलेखातल्या एका खड्ड्यावरून मी तरी दुसरं काय म्हटलं असतं?

रात्री ढग आल्याने पाहुण्यांच्या छोट्या दुर्बिणीतून काहीच दिसलं नाही. फेब्रुवारीत या, असं तिथल्या माणसाने हसत सांगितलं. मोठ्या दुर्बिणीचं उद्घाटन ६ जानेवारी १९८६ला राजीव गांधींनी केलं, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेलं. कड्यांचे जवळून घेतलेले फोटो तेव्हा आले. कावलूरला सावली पडून गेल्याला नऊ वर्षं होत आली होती.