शंभर मीटर केबलच्या टोकाला किती व्होल्ट उरतात?

इथरनेट केबलच्या लांबीचा विषय निघाला की १०० मीटर हा आकडा प्रत्येकाच्या तोंडी असतो आणि त्या मर्यादेच्या आत राहिले की सर्व काही सुरळीत चालेल असे गृहीत धरले जाते. वास्तविक तो आकडा माहिती वाहून नेण्याच्या मर्यादेचा आहे. त्याच केबलमधून खांबावरच्या वायरलेस रेडिओला, म्हणजे बिनतारी लहरींवर नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणाला, वीजही पुरवायची असेल, तर ती किती अंतरापर्यंत उपयोगाची राहील हे केबलमधील धातू, खालून सोडलेले व्होल्ट आणि वरच्या उपकरणाला लागणारे वॅट यांवर ठरते. हा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो आणि तो बहुधा कोणीच करत नाही.

कोल्हापूरच्या परिसरात लांब केबल टाळता येत नाही याचे कारण ऊस. पूर्ण वाढीचा ऊस दहा-बारा फुटांपर्यंत जातो; लागणीच्या वेळी समोर स्वच्छ दिसणारा खांब पावसाळ्यात दिसेनासा होतो आणि पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी ओल्या पाल्यातून धड पार होत नाहीत. त्यामुळे रेडिओ उंचावर, झाडे आणि गुऱ्हाळाच्या धुराडीपासून दूर न्यावा लागतो. शेतीपंपाच्या फिडरवर वीज ठरावीक तासच असल्यामुळे खांबापाशी वीज घेण्यातही अर्थ नसतो. जिथे इन्व्हर्टर आहे त्या खोलीतूनच ती न्यावी लागते. चिखली-आंबेवाडीच्या बाजूला माझ्या मावसभावाचे गुऱ्हाळ आहे, तिथेही अशीच मांडणी होती. खांब नजरेला जवळ वाटतो, पण भिंत, पत्र्याची वळचण आणि बांधाकडेने जमिनीतून नेलेला पाइप असे करत केबल जवळपास १०० मीटर भरली होती.

तिथला बिघाड मोठा चमत्कारिक होता. सकाळी आणि रात्री रेडिओ उत्तम चालत असे. मार्चमधल्या दुपारी मात्र, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पाहायला सुरुवात केली की तो बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होई. केबल टाकून गेलेल्या माणसाचे म्हणणे असे की वरच्या टोकाला मल्टिमीटर २४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे दोष रेडिओतच आहे. परंतु रेडिओ काढून घेतलेल्या, म्हणजे भार नसलेल्या केबलच्या टोकाला मल्टिमीटर पूर्ण व्होल्ट दाखवणारच. प्रवाह वाहत नसेल तर केबलमध्ये व्होल्टेज पडत नाही. मोजायचे ते रेडिओ चालू असताना, आणि शक्यतो त्याच्यावर ताण असताना.

आता हिशेब पाहू. २४ गेज जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम असतो. साध्या २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरमध्ये, म्हणजे समोर काय आहे हे न तपासता केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डबीत, ४ आणि ५ क्रमांकाच्या तारांतून प्रवाह जातो आणि ७ व ८ मधून परत येतो. जाताना दोन तारा समांतर आणि येतानाही दोन समांतर असल्यामुळे १०० मीटरच्या पूर्ण फेऱ्याचा रोध पुन्हा ८.४ ओहमच भरतो. गुऱ्हाळावरची केबल मात्र तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, बाजारात जिला सीसीए म्हणतात त्या प्रकारची निघाली. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट किंवा थोडा जास्त असतो, म्हणजे तिथे १३ ओहमच्या आसपास.

रेडिओ आठ वॅट घेत असताना अशा केबलच्या टोकाला २४ पैकी सुमारे १८.३ व्होल्ट उरतात. माहितीची ये-जा वाढून मागणी दहा वॅटवर गेली की हाच आकडा १६ च्या खाली येतो. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रेडिओतील वीजपुरवठ्याचे सर्किट व्होल्ट कमी झाले तर तेवढेच वॅट मिळवण्यासाठी अधिक प्रवाह ओढते. अधिक प्रवाहामुळे केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात आणि मग सर्किट आणखी प्रवाह मागते. या ओढाताणीला एक गणिती मर्यादा आहे. पुरवठ्याच्या व्होल्टचा वर्ग भागिले रोधाची चौपट, यापेक्षा अधिक वॅट त्या केबलमधून पलीकडे पोहोचूच शकत नाहीत. २४ व्होल्ट आणि १३ ओहम घेतले तर ही मर्यादा सुमारे ११ वॅट येते. उन्हात तापलेली केबल ५० अंशांवर गेली की रोध आणखी बारा टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि मर्यादा दहा वॅटच्याही खाली उतरते. दुपारीच आणि चित्रीकरण पाहतानाच रेडिओ का बंद पडत होता, याचे उत्तर यातच होते. रेडिओत काहीही दोष नव्हता.

याच अंतरावर ४८ व्होल्ट दिले तर चित्र पालटते. शुद्ध तांब्याची १०० मीटर केबल आणि दहा वॅटची मागणी असताना टोकाला ४६ व्होल्टपेक्षा जास्त मिळतात आणि केबलमध्ये अर्धा वॅटही वाया जात नाही. व्होल्ट दुप्पट झाले की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे एक चतुर्थांशावर येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ५० मीटरच्या पुढे २४ व्होल्टच्या नादी लागू नये. रेडिओ २४ व्होल्टचाच असेल तर खालून प्रमाणित ४८ व्होल्ट पाठवावेत आणि खांबावर त्यांचे २४ करणारा छोटा कन्व्हर्टर पाणीबंद डब्यात बसवावा. मात्र ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर २४ व्होल्टच्या रेडिओला थेट जोडला तर रेडिओ जळतो. प्रमाणित पद्धतीत हा धोका नसतो, कारण आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या २००३ सालच्या ८०२.३एएफ या मानकापासून पुढे स्विच, म्हणजे केबल जोडून वीज व माहिती दोन्ही देणारा खालचा डबा, आधी समोरच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का हे तपासतो आणि तो सापडला तरच वीज सोडतो. त्या मानकात स्विचकडून १५.४ वॅट निघतात आणि उपकरणाला १२.९५ वॅटचीच हमी मिळते. मधला फरक केबलमधील घटीसाठी राखून ठेवलेला आहे. २००९ च्या ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट असे आहेत.

सीसीए केबलही ४८ व्होल्टवर चालून जाईल, हे गणित कोणीही मांडू शकेल आणि ते चुकीचे नाही. तरीही ती घेऊ नये. तिच्या तारा ठिसूळ असतात, खांबावर वाऱ्याने हलून तुटतात आणि कनेक्टरपाशी उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम लवकर गंजते. दुकानात ओळख पटवायची असेल तर तार चाकूने खरवडावी. आतून पांढरी निघाली की प्रश्न मिटला. ३०५ मीटरच्या पेटीची दोन्ही टोके हाताशी असतील तर एकाच तारेचा रोध मोजावा. तांब्याला तो २६ ओहमच्या आसपास येतो, सीसीएला ४० च्या.

१०० मीटरच्या पुढे जायचे असल्यास काही स्विचवर २५० मीटरसाठी वेगळे बटण असते, पण त्यावर वेग दहा मेगाबिटवर येतो. एका कॅमेऱ्यापुरते ते ठीक आहे, रेडिओच्या दुव्यासाठी नाही. मधे बसवायचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुन्हा जोमाने पुढे पाठवणारा डबा, स्वतःही काही वॅट खातो आणि बांधावर, चिखलात, उंदरांच्या राज्यात बिघडायला आणखी एक डबा तयार होतो. त्यापेक्षा माहितीसाठी फायबर आणि विजेसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची केबल टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. २०० मीटरच्या फेऱ्याला तिचा रोध पाच ओहमच्या आसपास येतो आणि ४८ व्होल्टवर आठ वॅट पाठवताना एक व्होल्टही पडत नाही. शिवाय ओल्या उसातून २३० व्होल्ट नेण्याचा धोका टळतो.

आपल्याकडच्या पावसाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण केबल विजेच्या हिशेबात उत्तीर्ण झाली तरी पाण्यापुढे हरते. घरात वापरायची पांढरी किंवा करड्या आवरणाची केबल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. बाहेर काळ्या पॉलिथिलिन आवरणाचीच लागते. तडकलेल्या आवरणातून शिरलेले पाणी तारांच्या कडेने उतरत थेट कनेक्टरपर्यंत पोहोचते, आणि तिथे एकदिशी विद्युतदाब सतत असल्यामुळे ओल्या पिना विद्युत अपघटनाने झिजतात. धन बाजूच्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिना हिरव्या पडून आधी जातात. सांध्याचा रोध त्यामुळे वाढत जातो आणि तांब्याच्या केबलवरही पुन्हा तीच लक्षणे दिसू लागतात. म्हणून केबल डब्यात नेहमी खालून घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल.

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा धोका वेगळा आहे. वीज खांबावरच पडावी लागते असे नाही; जवळपास पडली तरी लांब केबलमध्ये उसळणारा विद्युतदाब दोन्ही टोकांची उपकरणे मारतो. खांबाला स्वतःचे अर्थिंग, केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (उसळलेला दाब जमिनीत वळवणारे उपकरण) आणि त्या अरेस्टरची तार आखूड व सरळ, एवढे तरी हवेच. दोन वेगळ्या इमारतींना जोडणारी तांब्याची केबल मी आता सुचवत नाही, कारण दोन्हीकडच्या अर्थिंगमधील फरक त्या केबलवरून वाहतो; फायबरला तो प्रश्न नसतो.

गुऱ्हाळावर आता तांब्याची केबल, ४८ व्होल्टचा स्विच आणि खांबावर कन्व्हर्टर आहे. रेडिओच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा व्होल्टचा आकडा मावसभाऊ अधूनमधून पाहतो आणि तो नेहमीपेक्षा खाली दिसला तर आधी कनेक्टर उघडतो. स्विच आणि इन्व्हर्टर मात्र आम्ही खोलीतल्या टेबलाखालून उचलून माळ्यावर नेले, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी या भागात कुठपर्यंत आले होते त्याच्या खुणा भिंतीवर अजून आहेत, आणि त्या उंचीसाठी लागणारी चार-पाच मीटर जादा केबलही आम्ही हिशेबात धरली.