डाव्या बुटावरचा काळा डाग

सापडला. डाव्या पायावर वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, सात आठवडे ठणका देणारा तो कोण, याचा छडा दहा दिवसांपूर्वी गुरुवारी लागला. आणि लागला तेव्हा मी पळत नव्हतो. शिफ्ट संपवून कंपनीच्या लॉकरसमोर बाकड्यावर बसलो होतो आणि चिखलानं माखलेले सेफ्टी शूज पुसत होतो.

आधी आठवड्याचा हिशेब उरकतो. सोमवार सुट्टी. मंगळवारी रंकाळ्याच्या दोन फेऱ्या, इझी, ८.५ किलोमीटर. बुधवारी विद्यापीठात चढाचे सहा रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा पळायचा) धरून ७. गुरुवारी घरात व्यायाम, शुक्रवारी ६, शनिवारी काही नाही (का नाही ते पुढे येईल), आज पावसात १६. एकूण ३७.५. ठरवले होते ४८. पेस सांगण्यासारखा नाही, किलोमीटरला ६:२० ते ६:४० मिनिटांच्या मध्ये लोंबकळतोय. बुधवारचा सहावा रिपीट मात्र पहिल्यापेक्षा चार सेकंदांनी लवकर झाला. हे यंदाच्या पावसाळ्यात पहिल्यांदाच झालं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

आता पाय.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना माहीत आहे की जूनच्या मध्याला हे सुरू झालं. टाच नाही, तळवा नाही, त्यामुळे प्लांटार फॅशिआयटिसचं (तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याचं) नेहमीचं कीर्तन इथं लागू नव्हतं. दुखायचं ते लेस बांधतो तिथं, बोटभर जागेत. पळायला लागलं की दोन किलोमीटरनंतर मुकाट्यानं बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमपर्यंत जाताना पुन्हा सलाम ठोकायचं. मी रोज उठल्याबरोबर पहिल्या दहा पावलांना शून्य ते दहामध्ये मार्क देतो आणि वहीत लिहितो. जूनच्या शेवटी चार, चार, पाच असं चाललं होतं.

नोकरी क्वालिटीत. मशिनिंगमध्ये बोअर ओव्हरसाइज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं, यायला लागलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो : आधी इन्सर्ट, मग ऑफसेट, मग फिक्स्चर. सगळं एकदम बदललं आणि जॉब (मशिनवरचा तो भाग) बरोबर आला, तर कशामुळे आला ते कधीच कळत नाही. हे मी नव्या पोरांना बारा वर्षं शिकवतोय. आणि स्वतःच्या पायाचं म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात काय केलं? बूट बदलला, लेस बदलली, रंकाळ्याला उलट्या दिशेनं फिरायला लागलो आणि कोल्हापुरी चप्पल माळ्यावर टाकली. चारही एकाच सोमवारी. दुखणं पाचावरून चारावर आलं आणि तिथंच थांबलं. घ्या आता!

संशयितांची हजेरी घेऊन टाकतो. माझा पळायचा बूट, पेगॅसस, ६४० किलोमीटर पळालेला होता, म्हणून आधी त्याचंच नाव घेतलं. नवा जोड ऑनलाइन मागवला, तर विक्रेत्यानं अर्धा नंबर लहान पाठवला. परत घ्यायला आणि पैसे द्यायला मिळून तीन आठवडे लावले. बूट पायात घालून, दुकानात चार उड्या मारून मगच घ्यावा असं माझं मत होतंच, ते आता सिमेंटसारखं घट्ट झालंय. शेवटी जुनाच जोड परत काढला आणि दुखण्यात काडीचाही फरक पडला नाही. बूट निर्दोष.

रंकाळ्याची दिशा हा संशय मला स्वतःला फार आवडला होता. रस्ता मधोमध उंच, कडेला उतरता. रोज एकाच दिशेनं, एकाच कडेनं पळालं की एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. म्हणून उलटा फिरलो. सकाळी साडेपाचला समोरून येणारे सगळे ओळखीचे. दोन आठवडे प्रत्येकाला तेच उत्तर देत होतो, 'काही नाही, असंच.' शालिनी पॅलेसच्या बाजूला एक आजोबा भेटतात, त्यांनी तर थांबवून विचारलं, 'काय रं, कुणाशी भांडान झालंय काय?' पायाला काहीच फरक नाही. करमणूक तेवढी झाली.

कोल्हापुरी सोडल्याचं घरात कुणालाच रुचलं नाही. वडील म्हणाले, 'चाळीस वर्षं घालतोय, मला काय झालंय?' त्यांना म्हटलं, तुम्ही २१ किलोमीटर पळत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही. चप्पल महिन्याभरात माळ्यावरून खाली आली. प्राडाच्या रॅम्पवर ती दिसली तेव्हा आख्ख्या गावानं आवाज उठवला होता, आणि मी घरातच तिच्यावर खोटा आळ घेऊन बसलो होतो.

लेस मात्र निम्मी दोषी निघाली. पायाच्या वरच्या बाजूला चरबीची गादी जवळजवळ नसतेच. बोटं वर उचलणारे टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) कातडीच्या लगेच खाली असतात आणि त्यांच्याखाली थेट हाड. म्हणजे वर लेस, खाली हाड, मध्ये टेंडन सापडतो. त्यात पावसाळा. ओला बूट सैल वाटतो म्हणून मी रोज एक घर जास्त आवळत होतो. आता दुखऱ्या जागेवर लेस आडवी घ्यायची नाही. त्या भोकांमधून ती त्याच बाजूनं सरळ वर न्यायची आणि पुढच्या जोडीपासून पुन्हा फुली मारायची. मध्ये एक खिडकी राहते. ज्यांना वरच्या बाजूला दुखतं त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करून बघा, पैसे पडत नाहीत. पाचाचे चार झाले ते बहुधा यानंच.

पण चारावर का अडकलं? तीन आठवडे घट नाही म्हटल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चरची भीती डोक्यात शिरली. मेटाटार्सलची, म्हणजे पावलातल्या लांब हाडाची, बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नसतं, त्यामुळे 'एक्स-रे क्लीन' या दोन शब्दांवर मी झोपू शकत नव्हतो. फिजिओकडे गेलो. त्यांनी प्रत्येक हाड बोटानं दाबून बघितलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या, रात्री दुखतं का, सूज येते का विचारलं. सगळ्याला नाही. मग त्यांनी माझा अंगठा हातानं खाली दाबून धरला आणि म्हणाल्या, 'आता वर उचला.' नेमका तिथंच ठणका! हाड नाही, टेंडन. पोटऱ्याही लोखंडासारख्या निघाल्या. पोटरी आखडलेली असली की पाऊल वर ओढणाऱ्या स्नायूंना प्रत्येक पावलाला जास्त ओढावं लागतं. पोटरीचं स्ट्रेचिंग, बर्फ आणि पाऊल वर उचलायचा रबर बँडचा व्यायाम घेऊन घरी आलो. जाता जाता त्यांनी विचारलं होतं, 'दिवसभरात हे पाऊल वर उचलायचं काम आणखी कुठं होतं का?' मी ठामपणे नाही म्हणालो.

तर तो गुरुवार. डावा बूट पुसला, चिखल निघाला, आणि पुढच्या लोखंडी टोपीच्या बरोबर मागं, लेस सुरू होतात तिथं, रुपयाएवढा काळा, गुळगुळीत झिजलेला डाग. उजव्या बुटावर काही नाही. मी बूट काढून पायाशेजारी धरला. डाग आणि दुखणं एकाच जागी.

गिअर!

मेच्या शेवटी धाकट्या भावानं त्याची बाइक मला दिली आणि माझी स्प्लेंडर नेली. स्प्लेंडरला टाचेनंही दाबता येणारी दुहेरी लिव्हर होती, पायाच्या वरच्या बाजूचं काही कामच नव्हतं. हिला पुढचीच लिव्हर. एक खाली, चार वर. वरचा प्रत्येक गिअर पाऊल खाली घालून उचलून टाकायचा. आणि माझ्या पायात टोपीचा जाड सेफ्टी शूज, जो लिव्हरखाली मावतच नाही. म्हणून लिव्हर टोपीच्या मागच्या कडेत अडकते आणि दर वेळी तिथंच टोचते. पळणं रोज तासभराचं. मी सगळी चौकशी त्या एका तासाचीच करत होतो.

दुसऱ्या दिवशी मोजले. रंकाळा ते गोकुळ शिरगाव, सायबर चौक, शाहू नाका, उजळाईवाडी, मध्ये सहापदरीकरणाच्या कामानं ठिकठिकाणी अडलेला हायवे : जाताना ५८ वेळा गिअर वर टाकला, येताना ६६. दिवसाला १२४, सहा दिवसांचे ७४४. इथं मीच मला अडवलं. आठवड्याला ४० किलोमीटर पळताना डावा पाय वीस हजारांच्या आसपास वेळा उचलला जातो. त्यात ७४४ची काय मातब्बरी? पण इथं प्रश्न उचलण्याचा नव्हताच. लोखंडी दांडा एकाच बिंदूवर दाबला जात होता. तिथं सुजवून ठेवायचं आणि वरून सकाळी लेस आवळायची. पाऊस आणि बाइक पंधरा दिवसांच्या अंतरानं आले, म्हणून दोघांचं काम एकमेकांत मिसळून गेलं होतं.

आता खरी चाचणी. एकच बदल. शनिवारपासून बायकोची अ‍ॅक्टिव्हा मागितली. ती म्हणाली, 'तुमच्या अंगठ्यासाठी मी केएमटीनं जायचं?' सहा दिवस गेली. मोबदला काय ठरला ते आमच्या दोघांतच राहू दे, पण त्यात माझ्या रविवारच्या सकाळी आहेत. वहीतले आकडे असे : चार, तीन, तीन, दोन, एक, एक. पळणं तेच, लेस तीच, बूट तोच. मग शुक्रवारी जाणूनबुजून बाइक काढली. शनिवारी सकाळी तीन. परत तीन बघून इतका आनंद झालेला माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल. मात्र त्या आनंदात पळायला गेलो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

एक मान्य करतो : माप घेणारा मी आणि जॉबही मीच. मला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं असेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दोष लिव्हरचा हे शंभर नाही, ऐंशी टक्के खात्रीनं म्हणतोय.

काल संध्याकाळी शाहूपुरीत गॅरेजवर गेलो. दुहेरी लिव्हर बसवा म्हटलं. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, 'साहेब, हिला ती बसत न्हाई, फूटरेस्ट आडवा येतोय. पर ही लिव्हरच लई खाली बसवलीया. दोन दाते वर घेतो, बूट आरामात जाईल.' एक बोल्ट सैल केला, लिव्हर दात्यांच्या दांड्यावरून ओढून वर बसवली, दोन मिनिटांत काम. वर जाड रबर चढवलं. पैसे घेतले रबराचे फक्त. मी सात आठवड्यांत बुटांच्या कुरिअरवरच त्याहून जास्त घालवलेत.

आता पुढचं. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, अर्धं अंतर यवतेश्वरच्या बाजूला चढ आणि परतीला तोच उतार. पुढच्या रविवारी जोतिबाचा डोंगर ठरला होता, पायथ्याच्या केर्लीपासून वर आणि पळतच खाली. पण हे लिहिता लिहिताच ध्यानात येतंय की उतारावर पाऊल आपटू नये म्हणून जो स्नायू त्याला सावकाश खाली ठेवतो, तो आणि लिव्हर उचलणारा स्नायू एकच. म्हणजे जोतिबाचा अख्खा उतार आत्ता देणं हा आणखी एक गाढवपणा. बदलतो. वर पळत, खाली एसटीनं. उताराची सवय विद्यापीठाच्या मवाळ रस्त्यावर लावायची, बुधवारी दोन किलोमीटरपासून, आणि सकाळचे मार्क दोनच्या वर गेले तर तिथंच थांबायचं. नाही, थांबा, तेही नको. बुधवारी बाइकचा तिसराच दिवस असेल. लिव्हर आणि उतार एकाच आठवड्यात सुरू केले तर पुन्हा जूनमधलंच येड्याचं काम. हा आठवडा फक्त लिव्हरचा. उतार पुढच्या आठवड्यात.

बाकी किरकोळ. ओले बूट वाळवायला फॅनपेक्षा रद्दी बरी, दोनदा बदलली तर सकाळपर्यंत घालण्याइतके होतात. डेकॅथलॉनचे स्वस्त मोजे पावसात महागड्यांपेक्षा जास्त टिकले. आज १६ पळून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यालो आणि तालमीतल्या ओळखीच्या वस्तादांना पायाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, 'मी तुला जूनमधीच सांगितलं हुतं, सायकल घे.' सांगितलं होतं, खरंच. पण त्यांनी ते इंधनाच्या दरावरून सांगितलं होतं.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला आज ३१ फुटांवर आहे. इशारा पातळी ३९. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की जोतिबा आपोआपच रद्द, मग कळंब्याच्या बाजूनं कात्यायनीच्या देवळाकडं. उद्या सकाळी बाइक काढायची आहे. वहीत सोमवारच्या रांगेत आजच लिहून ठेवलंय : लिव्हर, दोन दाते वर. मंगळवारचा रकाना रिकामा आहे.